उशीर कोणाला झाला?

माणसाच्या हातून काही चुका अशा घडतात की त्या घडताना चुका वाटतच नाहीत. उलट, आपण मोठ्या समंजसपणे वागलो असे समाधान त्या देऊन जातात. पुढे कधीतरी, दुसऱ्याच कुणाची तरी कहाणी ऐकताना, आपली ती जुनी वागणूक अचानक आठवते आणि मग मात्र पाठ सोडत नाही. माझ्या बाबतीत असेच झाले. ज्या कहाणीने मला माझी चूक दाखवली, ती इथून हजारो मैलांवरच्या एका कृष्णवर्णीय गायिकेची आहे. तिचे नाव शेरॉन जोन्स. ती कॅथलिक नव्हती, आणि तिची भाषा वा तिचे संगीत आपल्या गावाशी कोणतेही नाते सांगत नव्हते. तरीही तिच्याविषयी लिहिण्यापूर्वी मला आधी माझ्याविषयी लिहिले पाहिजे.

२०१३ सालच्या जून महिन्यात एका धर्मग्रामात माझी प्रमुख धर्मगुरू म्हणून बदली झाली. तेथील गायकवृंद थकलेला होता. चार वयस्क पुरुष, दोन स्त्रिया आणि एक कुरकुरणारी बाजाची पेटी. मी तरुणांना गोळा केले, गिटार आणली, नवी गीते बसवली. नाताळ जवळ आला तसा चर्चमध्ये उत्साह दिसू लागला, आणि खोटे कशाला बोलू, त्या उत्साहाचे श्रेय मी मनातल्या मनात स्वतःकडेच घेत होतो. अशाच एका रविवारी मिस्सा संपल्यावर सॅक्रिस्टीच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. वय अठ्ठावन्नच्या आसपास असावे. गावात सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणत असे.

"फादर, मला गायकवृंदात यायचंय."

"पूर्वी कधी गायला होतात का, मावशी?"

"कुठलं हो! पहाटेच्या गाडीनं फुलं घेऊन दादरला जायचं. संध्याकाळी इथे सराव चालायचा, तेव्हा आमचं दुसऱ्या दिवसाच्या फुलांचं काम असायचं. आता मुलगा म्हणतो, आई, पुरे झालं, घरी बस. आता वेळ आहे."

मी हसून म्हणालो, "मावशी, आता मुलांना पुढे येऊ द्या. तुम्ही तुमच्या बाकावर बसून गा. देवाला तेवढंच पोहोचतं."

"बरं, फादर," असे म्हणून त्या गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पुढची सहा वर्षे त्या डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसून गात राहिल्या. त्यांचा आवाज कसा आहे, हे मी त्या दिवशी ऐकले नाही आणि पुढेही कधी लक्ष देऊन ऐकले नाही.

मी जे वाक्य बोललो ते खोटे नव्हते. बाकावरून गायलेले देवाला पोहोचतेच. परंतु एक खरे वाक्य मी दार लावून घेण्यासाठी वापरले होते. गंमत अशी की, सेमिनरीत असताना मी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजावर एक निबंध लिहिला होता. ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर झालेल्या त्या दस्तऐवजात पवित्र संगीताला एक अख्खे प्रकरण दिले आहे. उपासनेत सगळ्या जनतेने गायनाने सहभागी व्हावे, निरनिराळ्या लोकांच्या संगीतपरंपरांना मान मिळावा, असा त्याचा आग्रह आहे. माझ्या निबंधाला चांगले गुण मिळाले होते. निबंध लिहिणारा आणि सॅक्रिस्टीच्या दारात बोलणारा, हे दोघे एकच होते, हे आज मला कबूल केले पाहिजे.

२०१९ मध्ये माझी दुसऱ्या धर्मग्रामात बदली झाली. वर्ष उलटते न उलटते तोच २०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे चर्चची दारे बंद झाली. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली ती त्या वर्षीच्या १६ नोव्हेंबरला. मधल्या काळात रिकाम्या बाकांसमोर एकट्याने मिस्सा करण्याचा अनुभव ज्यांनी घेतला असेल, त्यांना ती शांतता ठाऊक आहे. कधी नव्हे ते मला गाण्याची उणीव भासू लागली. माझ्या भाच्याला पाश्चात्त्य संगीताचे वेड आहे. त्याने मला एक माहितीपट पाठवला आणि फोनवर म्हणाला, "मामा, तुम्हाला गोंगाट आवडत नाही हे ठाऊक आहे, पण हा शेवटपर्यंत बघा." तो माहितीपट होता 'मिस शेरॉन जोन्स!'. दोनदा ऑस्कर मिळवणाऱ्या बार्बरा कॉपल यांनी तो बनवला आणि २०१५ साली टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला. मी तो एका रात्रीत दोनदा पाहिला. त्यानंतर तिच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो आणि तिची गाणी ऐकत गेलो.

शेरॉन ज्या प्रकारचे गाणे गात असे, त्याला इंग्रजीत 'सोल' म्हणतात, म्हणजे आत्मा. हे नाव उगाच पडलेले नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जे भक्तिगायन वाढले, त्याला 'गॉस्पेल' म्हणजे शुभवर्तमानाचे गायन म्हणतात. एकाने हाक द्यावी, सगळ्यांनी ओ द्यावी. टाळ्या वाजाव्यात, पाय हलावेत, आणि शब्द अपुरे पडले की नुसत्या सुराने काम भागवावे, अशी ती रीत. १९५४ साली रे चार्ल्स या अंध गायकाने भक्तिगीताच्या चालीवर प्रेमगीत बांधले, तेव्हा अनेक भाविक दुखावले. परंतु त्यातून जो प्रवाह निघाला तो थांबला नाही. सॅम कुक भक्तिगीते गाणाऱ्या मंडळीतून आला. अरीथा फ्रँकलिन ही तर डेट्रॉइटमधील एका बाप्तिस्त धर्मोपदेशकाची मुलगी. डेट्रॉइटमध्ये १९५९ साली मोटाउन ही ध्वनिमुद्रिका कंपनी निघाली, मेम्फिस शहरात स्टॅक्स कंपनी बहरली, आणि साठचे दशक या संगीताने भारून टाकले. म्हणजे हे गाणे अल्तारापासून निघून बाजारात गेले, पण त्याच्या अंगाचा धूप काही गेला नाही.

शेरॉनचा जन्म ४ मे १९५६ रोजी जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे झाला. सहा भावंडांत ती धाकटी. सोल संगीताचा मोठा गायक जेम्स ब्राउन याच ऑगस्टात वाढला होता, आणि लहान शेरॉन त्याच्या गाण्याची व नाचाची नक्कल करीत असे. ती लहान असतानाच कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आले. तेथे चर्चच्या गायकवृंदात तिचा आवाज तयार झाला.

आता नशिबाचा खेळ असा की, ती विशी ओलांडून गायला सज्ज झाली, तेव्हा तिच्या गाण्याचा काळ मावळू लागला होता. १९७५ साली स्टॅक्स कंपनीचे दिवाळे वाजले. डिस्कोची लाट आली, पाठोपाठ यंत्रावरचे ताल आले. ताशे, तुताऱ्या आणि गिटारी घेऊन एकत्र बसून वाजवणाऱ्या दहाजणांच्या ताफ्याची गरज कुणाला उरली नाही. शेरॉन लग्नसमारंभांत गाणाऱ्या वाद्यवृंदांबरोबर गाई, दुसऱ्यांच्या गाण्यांत पाठीमागचा साथीचा सूर धरी, आणि रविवारी चर्चमध्ये उभी राही. पोटासाठी तिने रायकर्स आयलंड या न्यूयॉर्कच्या मोठ्या तुरुंगात रक्षकाची नोकरी केली. बँकांची रोकड वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीवरही तिने पहारा दिला. तुरुंगातले कैदी आपल्याला गायला लावत, अशी आठवण ती सांगत असे.

तिने सांगितलेली दुसरी आठवण कडवट आहे. ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यातील एका माणसाने तिला नकार देताना कारणे मोजून दाखवली होती: ती फार काळी आहे, फार जाड आहे, फार बुटकी आहे आणि तिचे वयही उलटून गेले आहे. या चार कारणांत आवाजाचा उल्लेख नाही. माहितीपट पाहताना मी इथे थांबलो. त्या माणसाचा मला राग आला, आणि तो राग पुरता वर येण्याआधीच डावीकडचा तिसरा बाक माझ्या डोळ्यांसमोर आला. त्या माणसाची भाषा उद्धट होती, माझी गोड होती. एवढाच फरक. मावशींचा आवाज मीही ऐकला नव्हता.

१९९६ साली शेरॉन चाळीस वर्षांची होती. गेब्रियल रॉथ आणि फिलिप लेमन हे दोन तरुण जुन्या पद्धतीचे सोल संगीत पुन्हा मुद्रित करण्याच्या खटपटीत होते. ली फील्ड्स या गायकाच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी साथीला तीन गायिका बोलावल्या. तिघींपैकी एकटी शेरॉन आली. तिने तिघींचेही सूर एकटीनेच गाऊन दिले. त्या तरुणांनी तिचा आवाज ऐकला आणि लगेच तिच्या एकटीच्या आवाजातही एक गाणे मुद्रित करून घेतले. वाचकहो, दोन गायिका आल्या नाहीत म्हणून एक ऐकली गेली. या घटनेला योगायोग म्हणावे की आणखी काही, हे ज्याने त्याने ठरवावे. मला दिसते ते इतकेच की, त्या दिवशी शेरॉनने नवे काही शिकून आणले नव्हते. चर्चमध्ये वीस-पंचवीस वर्षे ती जे करीत आली होती, तेच तिने तेथे केले. नवे होते ते ऐकणारे कान.

पुढे रॉथ आणि सॅक्सोफोन वाजवणारा नील शुगरमन यांनी २००१ साली डॅपटोन ही छोटी कंपनी काढली. ब्रुकलिनमधील बुशविक भागात एक जुने, मोडकळीस आलेले घर घेऊन वादकांनी स्वतःच्या हातांनी त्याचा स्टुडिओ केला. विजेच्या तारा ओढण्याच्या कामात शेरॉननेही हात लावला होता. संगणकावर जोडकाम करण्याऐवजी सगळ्यांनी एका खोलीत बसून वाजवायचे आणि ते जुन्या पद्धतीने फितीवर मुद्रित करायचे, हा त्यांचा नेम. २००२ साली 'शेरॉन जोन्स अँड द डॅप-किंग्ज' या नावाने तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. २००५ साली दुसरी आली, २००७ साली तिसरी, '१०० डेज, १०० नाइट्स', आणि तिने तिचे नाव दूरवर पोहोचवले. रंगमंचावर आली की ती पायांतले बूट काढून फेकी आणि साठच्या दशकातले नाच एकामागून एक करून दाखवी. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, सावळी, अंगाने भरलेली बाई. ज्या चार गोष्टींसाठी तिला नाकारले होते, त्या चारही घेऊनच ती उभी राही, आणि मग लोक खुर्चीत बसून राहू शकत नसत.

याच काळातील एक घटना मला विचारात पाडते. २००६ साली लंडनच्या एमी वाइनहाउस या तरुण गायिकेची 'बॅक टू ब्लॅक' ही ध्वनिमुद्रिका आली. तिच्यातील अनेक गाण्यांना साथ होती ती शेरॉनच्याच डॅप-किंग्ज वादकांची. जग त्या ध्वनिमुद्रिकेने वेडे झाले, आणि २००८ साली एमीला पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले. शेरॉन मात्र आपल्या वादकांना घेऊन गावोगाव गात राहिली. २०११ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, एमी हे जग सोडून गेली. मी येथे कोणाची कोणाशी तुलना करीत नाही. एमीचा आवाज खरा होता आणि तिचे दुःखही खरे होते. परंतु लवकर उमलणे म्हणजे भाग्य आणि उशिरा उमलणे म्हणजे दुर्दैव, हे आपण धरून चाललेले गणित तितकेसे सरळ नाही.

२०१३ साली, म्हणजे ज्या वर्षी मी मावशींना बाकावर बसवले त्याच वर्षी, शेरॉनला कर्करोग झाल्याचे निदान झाले. आधी तो पित्तनलिकेचा वाटला, पुढे स्वादुपिंडाचा ठरला. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, केस गेले. तयार असलेली ध्वनिमुद्रिका थांबवून ठेवावी लागली. ती २०१४ च्या जानेवारीत निघाली आणि तिला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. पुरस्कार मिळाला नाही. टोप न घालता, बोडक्या डोक्याने ती पुन्हा रंगमंचावर आली. या आजारपणाचेच चित्रण त्या माहितीपटात आहे. त्यातील एक प्रसंग मी विसरू शकत नाही. उपचारांनी खचलेली शेरॉन एका चर्चमध्ये गायला उभी राहते. सुरुवातीला तिचा आवाज चाचपडतो. मग कुठून तरी बळ येते. ती गाते, नाचते, आणि शेवटी धापा टाकत खाली बसते. हजारो श्रोत्यांसमोर गाऊन आलेली ही बाई त्या लहानशा मंडळीत अगदी घरी आल्यासारखी दिसते. तेथे तिला कोणी उशिरा सापडलेली गायिका म्हणून पाहत नव्हते. तेथे ती पहिल्यापासूनच गायिका होती.

टोरांटोला माहितीपट दाखवला गेला त्याच वेळी तिने रोग उलटल्याचे लोकांना सांगितले. तरीही २०१६ साली ती दौऱ्यावर गातच होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तिला पक्षाघाताचे झटके आले आणि तिची वाचा गेली. वादक मंडळी रुग्णालयात तिच्याभोवती जमली. कोणी गिटार छेडली. बोलू न शकणारी शेरॉन हळूहळू गुणगुणू लागली, आणि मग गाऊ लागली. लहानपणी चर्चमध्ये शिकलेली भक्तिगीते. तिच्या अखेरच्या दिवसांची ही हकिगत गेब्रियल रॉथ यांनी सांगितली आहे. १८ नोव्हेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे ती देवाघरी गेली. वय साठ. तिची शेवटची ध्वनिमुद्रिका पुढच्या वर्षी, तिच्या पश्चात प्रसिद्ध झाली.

बोलता न येणारे माणूस गाते कसे, असा प्रश्न वाचकांना पडेल. हा चमत्कार नव्हे. बहुतेक माणसांत बोलण्याचे सामर्थ्य मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागावर अवलंबून असते, हे फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले. त्या भागाला इजा झाली की वाचा जाते. परंतु सूर, लय आणि पाठ झालेल्या गीतांचे शब्द यांसाठी मेंदूचे इतर भाग, विशेषतः उजवा भाग, कामी येतात, आणि ते शाबूत असतील तर गाणे टिकते. ब्रोकांच्याही शंभरावर वर्षे आधी स्वीडनच्या ओलोफ दालिन यांनी अशा एका माणसाची नोंद करून ठेवली होती. त्याची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती, पण आजारापूर्वी शिकलेली स्तोत्रे तो इतरांबरोबर गाऊ शकत असे. १९७३ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी याच आधारावर, सुरातून शब्दांकडे नेणारी एक उपचारपद्धती मांडली. ती आजही वापरली जाते.

हे सारे वाचून झाल्यावर २०२० सालीच मी मनाशी ठरवले होते की, साथ ओसरली की जुन्या धर्मग्रामात जायचे, मावशींना भेटायचे आणि त्यांचे गाणे ऐकायचे. क्षमा मागायची, हा शब्द तेव्हा मी मनातही उच्चारला नव्हता. पण ठरवणे वेगळे आणि जाणे वेगळे. कधी प्रथम ख्रिस्तशरीराचा सोहळा आला, कधी छपराची दुरुस्ती, कधी सभा. जाऊ जाऊ म्हणता दोन वर्षे गेली. अखेर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एका अंत्यविधीसाठी मी त्या गावी गेलो आणि मावशींची चौकशी केली. तेव्हा कळले की आठ महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला होता.

मी त्यांच्या घरी गेलो. मावशी ओटीवरच्या खाटेवर बसवलेल्या होत्या. उजवा हात मांडीवर निश्चल पडला होता. सुनेने सांगितले, "ओळखतात सगळ्यांना, फादर, पण बोलता येत नाही. नाही म्हणायचं असलं तरी हो म्हणतात, मग स्वतःवरच चिडतात." मला पाहून मावशींनी काहीतरी बोलण्याचा प्रयत्न केला. एकच अक्षर दोन-तीनदा आले आणि थांबले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

इतक्या वर्षांनी माझ्या मनात जे बोलायचे होते ते मी बोललो. म्हणालो, "मावशी, तुम्ही गायकवृंदात यायचं म्हणाला होतात. मी तुमचं ऐकलं नाही. चुकलो." त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना ते समजले, एवढे मला कळले. उत्तर द्यायला त्यांच्यापाशी शब्द नव्हते, आणि ते मिळेपर्यंत थांबायला माझ्यापाशी काही नव्हते. मी शेरॉनच्या रुग्णालयातील त्या खोलीचा विचार करीत होतो. मी एक जुने मरियागीत गुणगुणू लागलो, गावात मे महिन्यात घरोघरी जपमाळेनंतर म्हटले जाते ते. माझा आवाज बेताचाच आहे. दुसऱ्या ओळीला मावशींचे ओठ हलले. तिसऱ्या ओळीला सूर आला. ध्रुवपद आले तेव्हा शब्द आले, एकही न अडखळता, अगदी स्वच्छ. सून दारात थबकली. घरातल्यांनी आठ महिन्यांत त्यांच्या तोंडून अखंड वाक्य ऐकले नव्हते.

आणि तेव्हा मी मावशींचा आवाज प्रथमच ऐकला. तो खालच्या पट्टीतला, थोडा जाडसर आणि अतिशय खरा होता. माझ्या त्या तरुण गायकवृंदात अशा आवाजाची फार गरज होती. आमची सगळी गीते वरच्या वर तरंगत असत, त्यांना खाली आधार नव्हता. तो आधार तिसऱ्या बाकावर बसलेला होता.

घरातल्यांना मी डॉक्टरांशी आणि वाचा-उपचार करणाऱ्यांशी या गोष्टीबद्दल बोलायला सांगितले. उपचार सुरू झाले. मावशी आज पाणी, चहा, नातवाचे नाव अशी थोडी नावे उच्चारतात. पूर्वीसारखे बोलणे परत आलेले नाही. रोज संध्याकाळी घरात गाणे मात्र होते. मी आठ महिने आधी गेलो असतो तर आजार टळला असता असे नाही. पण तेव्हा त्यांनी मला उत्तर दिले असते. कदाचित चांगले खरमरीत दिले असते. ते ऐकण्याचा माझा हक्क मी माझ्याच दिरंगाईने गमावला.

शेरॉन जोन्सला सगळे 'उशिरा बहरलेली गायिका' म्हणतात. मीही प्रथम तसेच समजलो होतो, आणि मला द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आठवला होता. दिवस मावळता मावळता कामाला लागलेले आणि तरीही पूर्ण मजुरी मिळालेले ते कामकरी. यावर मी अनेकदा प्रवचन केले आहे, आणि दर वेळी धन्याच्या औदार्यावर बोललो आहे. आता तो दाखला वाचताना माझे लक्ष दुसरीकडे जाते. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे धनी विचारतो, तेव्हा ते काय सांगतात? आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही. ते आळशी नव्हते, झोपलेले नव्हते. पहाटेपासून चव्हाट्यावर उभे होते. शेरॉन तर उभीही नव्हती, ती काम करीतच होती. तिला बहर उशिरा आला नाही. आम्ही बघणारे उशिरा पोहोचलो.

या कहाणीतून, गुण असले की ते कधी ना कधी ओळखले जातातच, असे तात्पर्य कोणी काढू नये. तसे असते तर बरे झाले असते. शेरॉनच्याच कंपनीने चार्ल्स ब्रॅडली या गायकाची पहिली ध्वनिमुद्रिका २०११ साली काढली, तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता. आयुष्याची कित्येक वर्षे त्याने स्वयंपाक्याचे काम करून काढली होती. २०१७ साली तोही कर्करोगाने गेला. हे दोघे सापडले. न सापडलेले किती, याची मोजदाद कोण करणार? त्या सकाळी तीनही गायिका वेळेवर आल्या असत्या तर कदाचित शेरॉनही त्यांतच गेली असती. म्हणून माझ्यासारख्याने तात्पर्य काढायचे ते गुणवंतांसाठी नव्हे, तर दारात उभ्या असलेल्यांसाठी. ज्याच्या हाती दाराची कडी आहे, त्याने आधी ऐकावे आणि मग बोलावे.

माझ्या सध्याच्या धर्मग्रामात २०२३ सालच्या आगमनकाळापूर्वी मी मिस्सानंतर एक सूचना वाचली: गायकवृंदासाठी वयाची अट नाही, ज्यांना गावेसे वाटते त्यांनी गुरुवारी संध्याकाळी सात वाजता यावे. पहिल्या गुरुवारी अकराजण आले. त्यांतील तिघांचे सूर काही केल्या जुळत नव्हते. पेटी वाजवणाऱ्या तरुणाने माझ्याकडे कळवळून पाहिले, आणि त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्या तिघांपैकी दोघे आता वाचनाची सेवा करतात. तिसरे हट्टाने सरावाला येत राहिले आणि सुधारले. उरलेल्यांत निवृत्त एसटी कंडक्टर आहेत, दोन आज्या आहेत, आणि एकसष्ट वर्षांच्या एक बाई आहेत. त्या मासळीबाजारातून येतात म्हणून सरावाला दर वेळी पंधरा मिनिटे उशीर होतो.

पहिल्या दिवशी त्या दारातूनच म्हणाल्या, "फादर, उशीर झाला."

मी म्हणालो, "आत या. आम्ही अजून सुरुवातच करतो आहोत."